शोषक सीमा थराच्या जाडीची चाचणी

शोषक सीमा थराच्या जाडीची चाचणी म्हणजे विद्युतचुंबकीय तरंगांच्या संगणकीय सदृशीकरणात (सिम्युलेशनमध्ये) गणनाक्षेत्राच्या कडेने ठेवलेला शोषक थर पुरेसा जाड आहे की नाही, हे पडताळून पाहण्याची पद्धत होय. हा थर बाहेर जाणारे तरंग शोषून घेतो. त्यामुळे मर्यादित जागेत मांडलेले गणित अमर्याद अवकाशातील गणितासारखे वागते. थर अपुरा असेल तर तरंगांचा काही अंश कडेवरून परत फिरतो आणि मूळ उत्तरात मिसळतो. अशा वेळी संगणक कोणतीही चूक दाखवत नाही, आलेख गुळगुळीत येतो आणि आकडेही विश्वसनीय वाटतात. उत्तरातला प्रतिध्वनी उत्तराकडे नुसते पाहून ओळखू येत नाही, म्हणून ही चाचणी प्रत्येक नव्या प्रश्नासाठी स्वतंत्रपणे करावी लागते.

पार्श्वभूमी

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ साली मांडलेल्या विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या सिद्धान्तात तरंग मोकळ्या अवकाशात अखंड पसरत जातात. संगणकाची स्मृती मात्र मर्यादित असते. अवकाशाचा एक तुकडा घेऊन त्याची जाळी पाडावी लागते आणि जाळीच्या प्रत्येक घरात विद्युत व चुंबकीय क्षेत्राची किंमत साठवावी लागते. या प्रकारची सर्वाधिक प्रचलित पद्धत केन यी यांनी १९६६ साली मांडली. तिच्यात विद्युत क्षेत्राचे आणि चुंबकीय क्षेत्राचे बिंदू एकमेकांपासून अर्ध्या घराने सरकवलेले असतात आणि काळही पावलापावलाने पुढे नेला जातो. ॲलन टॅफ्लोव्ह यांनी १९८० साली या पद्धतीला दिलेले नाव आज ‘एफडीटीडी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते.

जाळी जिथे संपते तिथे प्रश्न उभा राहतो. हौदात खडा टाकला की उठलेली वर्तुळे काठावर आपटून परत येतात आणि थोड्याच वेळात मूळ वर्तुळे ओळखू येईनाशी होतात. जाळीची कडा तशीच सोडली तर ती या हौदाच्या भिंतीसारखी, किंबहुना आरशासारखी वागते. अनंत अंतरावर तरंग फक्त बाहेर जाणारेच असावेत, ही अट आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी १९१२ साली गणिती रूपात मांडली होती. पण ती जवळच्या कडेवर जशीच्या तशी लावता येत नाही. ब्यॉर्न एंगक्विस्ट व अँड्र्यू माज्दा यांनी १९७७ साली आणि गेरिट मूर यांनी १९८१ साली कडेवरच लागू करता येतील अशा शोषक अटी दिल्या. या अटी सरळ येऊन आदळणाऱ्या तरंगांसाठी चांगल्या ठरल्या, तिरकस तरंगांसाठी तितक्या नाहीत.

फ्रान्समधील जाँ-पिएर बेरेंजे यांनी १९९४ साली ‘जर्नल ऑफ कॉम्प्युटेशनल फिजिक्स’ या नियतकालिकातील लेखात वेगळा मार्ग काढला. कडेवर अट लादण्याऐवजी त्यांनी कडेच्या आत एका कृत्रिम पदार्थाचा थर ठेवला. या पदार्थाचा संरोध, म्हणजेच इंपीडन्स, शेजारच्या माध्यमाशी असा जुळवलेला असतो की कोणत्याही कोनातून व कोणत्याही वारंवारतेने आलेला तरंग सीमेवर परावर्तित न होता आत शिरतो आणि आत विरत जातो. या थराला ‘परिपूर्ण जुळणीचा थर’ म्हणतात. व्यवहारात ‘पीएमएल’ हे लघुरूप रूढ आहे. त्याच वर्षी वेंग चो च्यू व विल्यम वीडन यांनी दाखवले की, हा थर म्हणजे अवकाशाचे सहनिर्देशक संमिश्र संख्यांच्या प्रतलात ताणण्यासारखे आहे. पुढे स्टीफन गेडनी यांनी १९९६ साली तोच थर विषमदिक पदार्थाच्या रूपात मांडला. रोडेन व गेडनी यांची २०००मधील मांडणी आज अनेक सॉफ्टवेअरमध्ये वापरली जाते.

‘परिपूर्ण’ या शब्दाची मर्यादा

नावातला ‘परिपूर्ण’ हा शब्द अखंड अवकाशातील समीकरणांना लागू होतो, जाळीला नाही. नवख्या वापरकर्त्याची बहुतेक दिशाभूल इथूनच सुरू होते. जाळीवर थर मांडला की दोन वेगवेगळी परावर्तने निर्माण होतात.

पहिले परावर्तन थराच्या पाठीमागून येते. थर कुठेतरी संपवावाच लागतो आणि त्याच्या मागे सहसा परिपूर्ण विद्युतवाहक भिंत असते. तरंग थरातून जाताना क्षीण होतो, भिंतीवर आदळतो, परतताना पुन्हा क्षीण होतो आणि उरलेला अंश गणनाक्षेत्रात परत येतो. या येण्याजाण्यातील घट थराची संवाहकता आणि जाडी यांवर अवलंबून असते.

दुसरे परावर्तन थराच्या पुढच्या बाजूला होते. जाळीवर पदार्थाचे गुणधर्म घराघराने, पायऱ्यापायऱ्यांनी बदलतात. संवाहकता शून्यावरून एकदम मोठ्या किमतीवर गेली तर कागदावर जुळलेला संरोध जाळीवर जुळत नाही. म्हणून थराची संवाहकता आतल्या कडेला शून्यापासून सुरू करून हळूहळू वाढवली जाते. खोलीच्या दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या घाताप्रमाणे ती वाढवण्याची रीत आहे. समुद्राची लाट उभ्या कड्यावर आपटून मागे फिरते आणि मंद उताराच्या वाळूवर पसरून विरते, तसाच हा फरक.

या दोन परावर्तनांची ओढ परस्परविरुद्ध आहे. संवाहकता वाढवली की मागचे परावर्तन घटते, पण चढ तीव्र झाल्याने पुढचे वाढते. कमी केली की उलट घडते. दोन्ही एकाच वेळी कमी करण्याचा उघड उपाय म्हणजे जाडी वाढवणे. जाडी हा या थराचा सर्वांत महत्त्वाचा मापदंड ठरतो तो यामुळेच.

ठरावीक जाडीसाठी योग्य संवाहकता निवडण्याचे प्रायोगिक सूत्र प्रसिद्ध आहे. त्यानुसार १० घरांच्या थरासाठी सरळ आघातावर अपेक्षित सैद्धान्तिक परावर्तन ई या नैसर्गिक आधारसंख्येच्या −१६ व्या घाताइतके, म्हणजे आयामात सुमारे ८९ लाखांत १ इतके येते. ५ घरांसाठी तेच −८ व्या घाताइतके, म्हणजे सुमारे ३,०००त १ असते. हे आकडे फक्त मागच्या भिंतीच्या परावर्तनाचे आहेत. पुढच्या बाजूचे परावर्तन त्यांत धरलेले नाही, आणि प्रत्यक्ष मोजमापात मर्यादा बहुधा तेच घालते.

चाचणीच्या पद्धती

सर्वांत काटेकोर पद्धत मोठ्या जाळीशी तुलना करण्याची आहे. एकच स्रोत व एकच वस्तू घेऊन दोन गणने केली जातात. एकीत तपासायचा थर असतो. दुसरीत गणनाक्षेत्र इतके मोठे घेतात की, नोंद संपेपर्यंत तिच्या कडेवरून कोणताही तरंग परत पोहोचूच शकत नाही. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. नोंद १० नॅनोसेकंदांची असेल तर तरंगाचा एकूण प्रवास ३ मीटर होतो. म्हणजे मोठ्या जाळीची कडा स्रोत आणि नोंदबिंदू या दोहोंपासून दीड मीटरपेक्षा दूर असली की पुरे. दोन्ही गणनांतील क्षेत्रांची एकाच बिंदूवर, एकाच क्षणी वजाबाकी केली की थराची चूक शुद्ध स्वरूपात हाती येते. तिला मोठ्या जाळीतील क्षेत्राच्या कमाल किमतीने भागून डेसिबेलमध्ये लिहिण्याचा प्रघात आहे. −६० डेसिबेल म्हणजे आयामात हजारात १ आणि −८० डेसिबेल म्हणजे दहा हजारांत १.

त्रिमितीय प्रश्नांत ही मोठी जाळी परवडत नाही. अशा वेळी जाडीच पायरीपायरीने वाढवून उत्तर स्थिरावते का, हे पाहतात. अर्दवान ओस्कूई, स्टीव्हन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ‘ऑप्टिक्स एक्सप्रेस’मधील लेखात ही कल्पना नेमकी केली: थर एका घराने जाड करावा आणि एखाद्या बिंदूवरील क्षेत्रात किती फरक पडतो ते मोजावे. त्यासाठी परावर्तित तरंग मूळ तरंगापासून वेगळा काढावा लागत नाही. त्याच लेखात घटीचा वेगही दिला आहे. येण्याजाण्यातील सैद्धान्तिक घट कायम ठेवून जाडी वाढवली, तर पुरेशा जाड थरासाठी परावर्तित तीव्रता रेषीय चढात जाडीच्या चौथ्या घाताच्या, वर्ग चढात सहाव्या घाताच्या आणि घन चढात आठव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे जाडी दुप्पट केल्यावर तीव्रता अनुक्रमे १६, ६४ व २५६ पटींनी कमी व्हायला हवी. चाचणीत ही घट दिसली नाही, तर जाडीशिवाय दुसरे काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

‘येण्याजाण्यातील घट कायम ठेवून’ ही अट सहज विसरली जाते. जाडी वाढवताना कमाल संवाहकता तीच ठेवणे आणि सैद्धान्तिक परावर्तन तेच ठेवणे या दोन निरनिराळ्या चाचण्या आहेत. त्यांचे आलेख शेजारी मांडून तुलना करता येत नाही. ‘१० घरांचा थर वापरला’ एवढीच नोंद असलेले वर्णन अपुरेच म्हटले पाहिजे. चढाचा घात, कमाल संवाहकता आणि घराची लांबी यांशिवाय त्या दहाला अर्थ नाही.

घरांची संख्या आणि प्रत्यक्ष लांबी यांतही गल्लत होते. १.५५ मायक्रोमीटर ही प्रकाशतंतूंतील दूरसंचाराची परिचित तरंगलांबी घेऊ. जाळीचे घर ५० नॅनोमीटर असेल तर १० घरांचा थर ५०० नॅनोमीटर जाड होतो. उत्तर अधिक अचूक यावे म्हणून घर २५ नॅनोमीटर केले आणि थर १० घरांचाच ठेवला, तर तो २५० नॅनोमीटरच उरतो. जाळी बारीक केली आणि थर पातळ झाला, असे दोन बदल एकदम घडतात. उत्तरातला फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. म्हणून जाडी तरंगलांबीच्या भाषेत ठरवावी, असा सल्ला दिला जातो. ‘मीप’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांत थर सर्वांत मोठ्या तरंगलांबीच्या सुमारे निम्मा ठेवण्याचा ढोबळ नियम प्रचलित आहे. वरील उदाहरणात निम्मी तरंगलांबी ७७५ नॅनोमीटर होते, म्हणजे ५० नॅनोमीटरची सुमारे १६ किंवा २५ नॅनोमीटरची ३१ घरे. नियमातील ‘सर्वांत मोठ्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रुंद पट्ट्याचा स्पंद वापरला तर थराची परीक्षा पट्ट्याच्या मध्यावर होत नाही; ती सर्वांत कमी वारंवारतेवर होते.

जाडी तीच ठेवून संपूर्ण थर पाव तरंगलांबीने बाहेर सरकवणे ही आणखी एक सोपी चाचणी आहे. वस्तू, स्रोत व नोंदबिंदू जागचे हलवायचे नाहीत. खरे उत्तर थराच्या जागेवर अवलंबून नसल्याने ते बदलू नये. प्रतिध्वनीला मात्र जाऊन येण्यात अर्धी तरंगलांबी जास्त कापावी लागते, त्यामुळे तो सरळ आघातात उलट्या कलेत परत येतो. दोन उत्तरांतील फरक मग प्रतिध्वनीच्या जवळजवळ दुप्पट असतो. नुसती जाडी बदलून पाहण्याच्या चाचणीत एक फसवा योगायोग संभवतो: एखाद्या बिंदूवर प्रतिध्वनी नेमका अशा कलेत येतो की फरक नाहीसा झाल्यासारखा वाटतो. सरकवण्याची चाचणी तो उघडा पाडते. तरीही नोंदी एकाहून अधिक बिंदूंवर आणि अनेक वारंवारतांवर घ्याव्यात.

वर्णपटातही प्रतिध्वनीची खूण सापडू शकते. समोरासमोरच्या दोन सीमा किंचित परावर्तन करीत असतील तर पारगमनाच्या आलेखावर समान अंतरावरच्या बारीक लहरी उमटतात. सीमांतील अंतर १.५ मीटर असेल तर मोकळ्या अवकाशात या लहरी १०० मेगाहर्ट्झच्या अंतराने येतात. गणनाक्षेत्र मोठे केल्यावर त्या दाट झाल्या, तर त्या वस्तूच्या नव्हेत, भिंतीच्या आहेत हे निश्चित होते. अशा लहरींना अनुस्पंदन समजून त्यांचे स्पष्टीकरण शोधत बसण्याचा मोह आवरावा लागतो.

किती अचूकता पुरेशी

याचे एकच उत्तर नाही. मोजायची राशी किती लहान आहे त्यावर ते ठरते. एखाद्या अँटेनाचे स्वतःचे परावर्तन −३० डेसिबेल, म्हणजे आयामात सुमारे ०.०३१६ आहे आणि थराचा प्रतिध्वनी −४० डेसिबेल, म्हणजे ०.०१ आहे असे समजू. दोघांच्या कला जुळल्या तर बेरीज ०.०४१६ होते, विरुद्ध असल्या तर ०.०२१६ उरते. मोजलेले मूल्य त्यामुळे −२७.६ ते −३३.३ डेसिबेल यांमध्ये कुठेही येऊ शकते. ‘फक्त एक टक्का’ प्रतिध्वनी अभिकल्पकाला जवळजवळ सहा डेसिबेलच्या अनिश्चिततेत टाकतो. चांगला अँटेना वाईट ठरू शकतो किंवा वाईट अँटेना उत्तीर्ण होऊ शकतो. हाच थर तीव्र परावर्तन करणाऱ्या धातूच्या पत्र्याच्या गणितात सहज चालून गेला असता. रडारला जेमतेम दिसतील अशा वस्तूंच्या गणितात आणि दीर्घकाळ घुमणाऱ्या अनुस्पंदकांत ही मागणी सर्वांत कडक असते.

तिरकस तरंग

येण्याजाण्यातील घट आपतन कोनाच्या कोज्येवर अवलंबून असते. सरळ आघातावर −१६ वा घात देणारा थर घेतला, तर ६० अंशांच्या कोनात तो घात −८ होतो. ८० अंशांवर सुमारे ६ टक्के आणि ८५ अंशांवर सुमारे २५ टक्के आयाम परत येतो. सीमेला जवळजवळ समांतर धावणाऱ्या तरंगाला थर दिसतच नाही, असे म्हटले तरी चालेल. लांबट, अरुंद गणनाक्षेत्रात स्रोत एका टोकाला असला की बाजूच्या भिंतींवर नेमके असेच तरंग पडतात. म्हणून चाचणी केवळ सरळ आघाताच्या तरंगावर करून भागत नाही. प्रत्यक्ष प्रश्नातील सर्वांत तिरकस कोन कोणता, ते आधी पाहावे लागते. कित्येकदा थर जाड करण्यापेक्षा गणनाक्षेत्राची रुंदी वाढवणे स्वस्त पडते.

स्रोताजवळ किंवा अनुस्पंदकाजवळ अंतराबरोबर झपाट्याने विरत जाणारी, ऊर्जा बाहेर न नेणारी क्षेत्रेही असतात. थर फार जवळ आला तर तो अशा क्षेत्रांच्या शेपटातून ऊर्जा ओढून घेऊ शकतो. ही ऊर्जा वास्तवात कुठेच जाणारी नसते, त्यामुळे अनुस्पंदकाची गुणवत्ता खोटी कमी दिसते. इथे जाडीबरोबर थराचे वस्तूपासूनचे अंतरही तपासावे लागते. कमी वारंवारतेच्या व विरत्या क्षेत्रांसाठी मुस्तफा कुझुओग्लू व राज मित्रा यांनी १९९६ साली सुचवलेला, वारंवारता संमिश्र प्रतलात सरकवणारा बदल उपयोगी पडतो. रोडेन व गेडनी यांची मांडणी त्यावरच उभी आहे.

जाडी वाढवूनही न सुटणाऱ्या अडचणी

परिपूर्ण जुळणीच्या थरामागे एक गृहीतक आहे: थराला लंब असलेल्या दिशेत माध्यम बदलत नाही. एकसारखा तरंगमार्गदर्शक थरात सरळ शिरून मागच्या भिंतीपर्यंत गेला तर हे गृहीतक पाळले जाते. तो थराच्या आतल्या कडेलाच तोडला तर तुटलेल्या टोकावरून परावर्तन होते. मग थर कितीही जाड केला तरी ते कमी होत नाही. ही चूक अगदी साधी आहे आणि तितकीच वारंवार आढळते.

फोटॉनिक स्फटिकांत पदार्थाची रचना ठरावीक अंतराने बदलत राहते, त्यामुळे तिथे थर खऱ्या अर्थाने जुळलेला राहतच नाही. २००८ सालच्या वर उल्लेखिलेल्या लेखाचा मुख्य विषय हाच होता. अशा ठिकाणी परावर्तन कमी करायचे तर शोषण अत्यंत सावकाश वाढवणे एवढाच मार्ग उरतो आणि थर बराच जाड घ्यावा लागतो. तिथे साधा शोषक पदार्थही जवळपास तेवढेच काम करतो.

ज्या माध्यमांत तरंगाचा कलावेग व समूहवेग विरुद्ध दिशांना असतात, तिथे परिस्थिती आणखी विपरीत असते. नेहमीचा थर तरंग क्षीण करण्याऐवजी तो वाढवत नेतो, आणि थर जितका जाड तितकी वाढ जास्त. एलियान बेकाश व सहकाऱ्यांनी २००३ साली विषमदिक माध्यमांसाठी अशा अस्थैर्याचा समूहवेगाशी असलेला संबंध दाखवला. स्टीव्हन कमर यांनी २००४ साली ऋण अपवर्तनांकाच्या पदार्थांतील थराचे वर्तन तपासले. जाडी वाढवल्यावर क्षेत्र भडकू लागले, तर आणखी जाडी हा त्यावरचा उपाय नव्हे.

गणनेचा खर्च

जाडी हवी तितकी का वाढवत नाहीत, याचे कारण घनफळात आहे. २०० घरे बाजू असलेल्या घनाकृती क्षेत्रात ८० लाख घरे असतात. सर्व बाजूंनी १० घरांचा थर दिला की बाजू २२० होते आणि घरांची संख्या सुमारे १ कोटी ६ लाखांवर, म्हणजे ३३ टक्क्यांनी वाढते. २० घरांच्या थराने ही वाढ ७३ टक्के होते. मूळ बाजू १०० घरांचीच असेल तर १० घरांचा थरही ७३ टक्के भार टाकतो आणि २० घरांच्या थराने काम पावणेतीनपट होते. शिवाय थरातील प्रत्येक घरासाठी जादा राशी साठवाव्या लागतात. लहान प्रश्नांत गणनेचा मोठा वाटा शून्यवत होत चाललेले तरंग मोजण्यात जातो.

व्यवहारात म्हणून आधी द्विमितीय किंवा कमी अचूकतेच्या प्रतिकृतीवर जाडीची चाचणी घेतात आणि पुरेशी ठरलेली जाडी मोठ्या गणनेत वापरतात. मोठ्या गणनेतही शेवटी निदान एकदा जाडी दुप्पट करून महत्त्वाचा आकडा हलतो का, ते पाहिले जाते. सांत घटक पद्धतीतही असाच थर वापरतात. तिथे घरांऐवजी थरातील घटकांची संख्या व त्यांचा घात मोजला जातो. ध्वनितरंग आणि भूकंपतरंग यांच्या सदृशीकरणातही ही कल्पना १९९०च्या दशकातच पोहोचली.